पत्राच्या समासातली ओळ

शिकायची राहून गेलेली एखादी भाषा बहुतेकांच्या मनात घर करून असते. जपानीच्या वर्गाच्या पहिल्या दिवशी आमच्या शिक्षिकांनी पुस्तक उघडण्याआधी हाच विषय काढला. जपानी कशासाठी शिकायची, हे त्यांनी विचारले नाही. आयुष्यात कधीतरी शिकावी असे वाटलेली पहिली भाषा कोणती आणि तसे का वाटले, हे प्रत्येकाने सांगावे, असे त्या म्हणाल्या. आम्ही 19 जण होतो. एका निवृत्त गृहस्थांनी संस्कृतचे नाव घेतले. त्यांचे वडील रोज पहाटे स्तोत्रे म्हणत. ऐकून ऐकून ती यांनाही पाठ झाली, पण अर्थ विचारावा असे वाटू लागले तेव्हा सांगायला वडील उरले नव्हते. एका परिचारिकेला सांकेतिक भाषा शिकायची होती, कारण एका रात्रपाळीत एक कर्णबधिर रुग्ण तिला हातांनी काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत राहिला आणि तिला ते अखेरपर्यंत कळले नाही. इतिहासाच्या एका विद्यार्थ्याला फारसी हवी होती. कागद, दरवाजा, हजार, जमीन हे शब्द आपण दिवसभर वापरतो आणि ज्या भाषेतून ते आले तिची एक ओळही आपल्याला वाचता येत नाही, याची त्याला खंत वाटत होती. एका तरुणाने पत्नीची मातृभाषा, तमिळ, सांगितली. सासुरवाडीची माणसे एकत्र बसून हसतात तेव्हा त्या हसण्यात आपल्यालाही वेळेवर सामील होता यावे, एवढेच त्याचे म्हणणे होते.

नोकरीसाठी जपानी शिकायला आलेले त्या वर्गात निम्म्याहून अधिक होते, पण या प्रश्नाच्या उत्तरात नोकरीचे नाव कोणीही घेतले नाही. मनात वर्षानुवर्षे राहिलेल्या भाषेचा माग काढत गेले की शेवटी बहुधा एखादे माणूसच सापडते, असे मला त्या दिवशी वाटले आणि अजूनही वाटते.

माझे उत्तर जपानी हेच होते आणि ते माझ्या आईपाशी जाऊन थांबत होते. आई शाळेत असताना, 1974 साली, तिला पत्रमैत्रीच्या एका उपक्रमातून जपानमधल्या तिच्याच वयाच्या एका मुलीचा पत्ता मिळाला. पुढची सात वर्षे दोघी एकमेकींना इंग्रजीत पत्रे लिहीत होत्या. त्यांतली 11 पत्रे आईने जपून ठेवली होती. पातळ निळसर कागद, काळजीपूर्वक काढलेली इंग्रजी अक्षरे, छोटी छोटी वाक्ये. आणि प्रत्येक पत्राच्या उजव्या समासात वरून खाली लिहिलेली जपानी अक्षरांची एक ओळ. त्या ओळीचा अर्थ त्या मैत्रिणीने कधी सांगितला नाही आणि आईनेही संकोचापोटी कधी विचारला नाही. लहानपणी मी ती पत्रे आडवी धरून, उभी धरून बघत असे. आपण कधीतरी ही भाषा शिकू आणि ती ओळ आईला वाचून दाखवू, हे मी बहुधा आठ-नऊ वर्षांची असताना ठरवले. प्रत्यक्ष वर्गात नाव घातले 2022 च्या जानेवारीत, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी.

शिकण्याआधी मी थोडे वाचन केले होते आणि त्याने धीर खचला होता. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी प्रशिक्षण संस्था आहे, ती जपानीला सर्वांत अवघड भाषांच्या गटात ठेवते आणि वर्गातल्या अभ्यासाचे सुमारे 2200 तास तिच्यासाठी धरते. फ्रेंच किंवा स्पॅनिशला याच्या साधारण एक तृतीयांश वेळ पुरतो. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. तो इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाच्या दृष्टीने काढलेला आहे, ही गोष्ट मात्र मी वाचूनही मनावर घेतली नव्हती. भाषेचे अंतर कुठून मोजले यावर ते किती भरते हे ठरते, हे पुढे मला वाक्यागणिक कळत गेले.

पहिला धक्का अक्षरमालेनेच दिला. हिरागाना या लिपीची मूळ अक्षरे 46. तक्त्यात आधी अ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी. हा क्रम पाहून मला अगदी ओळखीचे माणूस अनोळखी गावात भेटावे तसे झाले. क, मग च च्या जागी स, मग त आणि न, शेवटी म, य, र, व: आपली वर्णमालाच ती, फक्त जपानीला नको असलेले वर्ण गाळून. शिक्षिकांनी यामागचा इतिहास सांगितला. बौद्ध ग्रंथ भारतातून चीनमार्गे जपानला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर संस्कृत लिहायची सिद्धम् लिपीही गेली. कूकाई हे भिक्षू 804 साली चीनला गेले आणि 806 साली परतताना त्यांनी सिद्धम् लिपीतले ग्रंथही बरोबर आणले. मठांमधून झालेल्या या अभ्यासातूनच पुढे जपानी अक्षरांची ही मांडणी घडली.

एक शंका मात्र उरली होती. न आणि म यांच्यामध्ये प-वर्ग यायला हवा, तिथे ‘ह’ कसा? आणि त्याच ‘ह’ च्या डोक्यावर दोन टिंबे दिली की ‘ब’ होतो आणि छोटेसे वर्तुळ दिले की ‘प’ होतो, हे कोणत्या न्यायाने? उत्तर असे की आज जिथे ‘ह’ आहे तिथे प्राचीन जपानीत ‘प’ हाच उच्चार होता. उच्चार बदलला, जागा तीच राहिली. हे कळल्यावर मी तो तक्ता पाठ करणे सोडून दिले. तो मला आधीपासूनच येत होता.

दुसऱ्या महिन्यात वाक्ये सुरू झाली. ‘वाताशी वा किनो तोमोदाची तो तोशोकान ए इकिमाशिता’ हे वाक्य फळ्यावर आले आणि शिक्षिकांनी त्याखाली एकेका शब्दाचा अर्थ लिहिला: मी, काल, मैत्रिणीबरोबर, ग्रंथालयात, गेले. काहीही मागेपुढे करावे लागले नाही. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, ‘कारा’ म्हणजे पासून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘नो’ म्हणजे चा-ची-चे. ‘किनो कात्ता होन’ म्हणजे ‘काल घेतलेले पुस्तक’. इंग्रजीत हेच सांगताना पुस्तक आधी येते आणि मग ते कोणते याचा खुलासा होतो. जपानीत आणि मराठीत विशेषण आधी चालत येते आणि नाम त्याच्या मागून.

खरा आनंद क्रियापदांनी दिला. मराठीत आपण ‘करून’, ‘जाऊन’, ‘उठून’ असे म्हणतो, तसे जपानीत क्रियापदाचे एक रूप आहे आणि त्याच्यापुढे दुसरे क्रियापद जोडून बारीक छटा आणता येते. ‘मिरु’ म्हणजे बघणे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘कात्ते ओकु’ म्हणजे घेऊन ठेवणे, तेही पुढे लागेल म्हणून आधीच, अगदी मराठीतल्याच अर्थाने. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे आणि ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे. ‘वासुरेते शिमात्ता’ याचे इंग्रजी रूपांतर करताना पाठ्यपुस्तकाने अर्धे पान खर्ची घातले होते. मराठीत ते ‘विसरून गेले’ आहे, आणि त्यातली हळहळ कोणत्याही मराठी माणसाला समजावून द्यावी लागत नाही. खाऊन बघणे यात डोळ्यांनी बघण्याचा काहीही संबंध नाही, तरी आपण ‘बघणे’ म्हणतो, याचे मला चाळीस वर्षांत कधी नवल वाटले नव्हते. ते जपानी शिकताना वाटले.

मात्र पाठ्यपुस्तक इंग्रजीतून होते आणि सुरुवातीला आम्ही सगळेच जपानी वाक्याचे आधी इंग्रजी करत होतो आणि मग त्याचा अर्थ मनात मराठीत घेत होतो. सरळ समोरच्या घरात जायचे सोडून गावाला वळसा घालून मागच्या दाराने शिरावे, असा तो प्रकार होता. मी तिसऱ्या महिन्यात एक वेगळी वही केली आणि तिच्यात जपानीखाली फक्त मराठी लिहायचे ठरवले. पुढे ज्यांनी ज्यांनी मला भाषा शिकण्याबद्दल विचारले, त्या प्रत्येकाला मी आधी हीच गोष्ट सांगितली.

मराठीने सगळीकडेच हात दिला, असे नाही. आपला ‘ओ’ मुळातच दीर्घ असतो. जपानीत ऱ्हस्व ओ वेगळा आणि दीर्घ ओ वेगळा. ‘आ’ चेही तसेच. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी; एका मात्रेचा फरक. मात्रा हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण जपानीतली मोजणी अक्षरांची नसून मात्रांचीच आहे. ‘तोक्यो’ या नावात दोन्ही ओ दीर्घ, म्हणून मात्रा चार. ‘निप्पोन’ मध्येही चार, कारण जोडाक्षराआधीचा थांबा आणि शेवटचा न् या दोघांनाही स्वतःची एकेक मात्रा मिळते. शाळेत वृत्ते शिकताना लघु-गुरू मोजलेल्यांना हे पटकन उमगते. चढउतार मात्र मला अजूनही पूर्ण साधलेला नाही. ‘आमे’ हा शब्द वरून खाली उतरत म्हटला तर पाऊस आणि खालून वर चढवत म्हटला तर गोळी, म्हणजे चघळायची.

मग कांजी आल्या आणि वर्ग रिकामा होऊ लागला. चिनीतून घेतलेल्या या चित्राक्षरांची दैनंदिन वापराची अधिकृत यादी 2136 अक्षरांची आहे. सुरुवात गोड असते. झाडाच्या चिन्हाशेजारी झाड काढले की राई, तीन झाडे काढली की अरण्य. माणसाच्या चिन्हाशेजारी झाड काढले की विसावा. माणूस झाडाला टेकला आहे, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आले की ते अक्षर विसरणे शक्य नाही. पण चित्रांचे भांडवल लवकर संपते आणि उच्चारांची अडचण सुरू होते. सूर्याचे किंवा दिवसाचे जे साधे चार रेघांचे अक्षर आहे, ते रविवार या शब्दात दोनदा येते: ‘निचियोबी’. पहिल्यांदा त्याचा उच्चार ‘निची’ आणि शेवटी त्याच अक्षराचा ‘बी’. एकाच शब्दात, एकाच ओळीत. कोणत्या जागी कोणता उच्चार, याला नियमापेक्षा सवयच अधिक उपयोगी पडते. साधारण शंभराव्या कांजीच्या आसपास आम्ही 19 चे 7 उरलो.

माझ्या स्वतःच्या बाबतीत तर त्याआधीच एक गोष्ट घडून गेली होती. चौथ्या महिन्यात मी धीर करून आईच्या पत्रांपैकी वरचे एक पत्र वर्गात नेले आणि शिक्षिकांना समासातली ओळ दाखवली. त्यांनी ती तीन सेकंदांत वाचली. ‘तब्येतीची काळजी घ्या, असे लिहिले आहे,’ त्या म्हणाल्या. पत्राच्या शेवटी लिहायचे ते नेहमीचे वाक्य होते. मी घरी येऊन आईला सांगितले. तिला बरे वाटले, पण तेवढेच. आणि माझ्या लक्षात आले की तीस वर्षे जपलेले माझे कारण त्या दिवशी संपले आहे. पुढचे तीन आठवडे मी वर्गाला गेले, पण वही उघडली नाही.

परत वही उघडली ती ‘खाऊन बघणे’ सारख्या वाक्यांच्या ओढीने. आईची ओळ नसली तरी मला ही भाषा हवी आहे, हे स्वतःशी कबूल करायला थोडा वेळ लागला. त्यानंतर मी कांजीसाठी कार्डे केली. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग 1885 साली प्रसिद्ध केले होते. पाठ केलेले आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्यांतून दिसले. सेबास्टियान लाइटनर यांची खोक्याची पद्धत याच तत्त्वावर चालते: आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि तिथे अधिक दिवसांनी समोर येते, न आठवलेले पहिल्या कप्प्यात परत येते. माझ्याकडे पुठ्ठ्याचे पाच कप्प्यांचे खोके होते. ‘वाट पाहणे’ आणि ‘हातात धरणे’ या दोन अर्थांची कार्डे, केवळ डावीकडच्या भागापुरता फरक असल्यामुळे, पाच महिने पहिल्या कप्प्यातून हलली नाहीत. ती जेव्हा शेवटच्या कप्प्यात गेली तो दिवस मला तारखेसकट आठवतो.

प्रावीण्य परीक्षेच्या पाच पातळ्यांपैकी सर्वांत सोपी एन 5 मी 2022 च्या डिसेंबरमध्ये आणि एन 4 पुढच्या जुलैमध्ये उत्तीर्ण झाले. 2024 च्या जुलैमध्ये एन 3 दिली आणि अनुत्तीर्ण झाले. एकूण गुण 180 पैकी 103 होते आणि उत्तीर्ण व्हायला 95 पुरतात. पण तिन्ही विभागांत 60 पैकी किमान 19 गुण लागतात आणि मला श्रवणात 17 मिळाले होते. हा निकाल मला योग्यच वाटला, कारण त्याने माझ्या अभ्यासाची एकांगी बाजू नेमकी दाखवली. समासातली ओळ वाचायची म्हणून मी या भाषेकडे आले होते आणि नकळत सगळी भाषा डोळ्यांनीच शिकले होते. पानावर जो शब्द मी दुरूनही ओळखला असता, तो कानावर पडला की वाहून जात होता.

पुढचे पाच महिने मी पुस्तक जवळजवळ बंद ठेवले. रोज अर्धा तास ध्वनिमुद्रित संभाषणे लावायची आणि बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याचे वाक्य संपण्याची वाट न बघता, त्याच्याच सुरात आणि वेगात बोलत राहायचे. पहिल्या आठवड्यात तोंडातून नुसतेच सूर निघत होते. तिसऱ्या महिन्यात एकदा हवामानाचा अंदाज लावला होता. दुपारनंतर पाऊस येणार असे निवेदिकेने सांगितले आणि मी उठून खिडकी लावली. लावल्यावर लक्षात आले की हे ध्वनिमुद्रण गेल्या वर्षीचे आहे. मधे ना इंग्रजी आली होती, ना मराठी. डिसेंबरमध्ये एन 3 उत्तीर्ण झाले. श्रवणात 34 गुण मिळाले.

त्या निकालानंतर मी आईकडून सगळी 11 पत्रे मागून घेतली. शिक्षिकांना मी एकच पत्र दाखवले होते आणि बाकीच्या दहांतही तेच वाक्य असणार, असे आम्ही दोघींनी धरून चालले होते. पाने शेजारी शेजारी मांडली तेव्हा कळले की ओळी वेगवेगळ्या आहेत. अक्षर जुन्या वळणाचे, भराभर लिहिलेले. मला भिंग आणि कोश घेऊन दोन रविवार बसावे लागले. एका पत्रात होते: ‘हात गारठून अक्षर वाईट आले आहे, क्षमा कर.’ गारठल्यामुळे असे न म्हणता गारठून, तेच आपले ‘ऊन’ चे रूप. दुसऱ्या एकात लिहिले होते: ‘एइगो दे इएनाइ कोतो गा ताकुसान आरिमासु.’ मी ते वहीत उतरवले आणि सवयीने एकेका शब्दाखाली मराठी लिहीत गेले: इंग्रजीत, सांगता न येणाऱ्या, गोष्टी, पुष्कळ, आहेत.

मराठी शब्द लिहून झाले आणि मला एकही शब्द हलवावा लागला नाही. या दोन मुली सात वर्षे आपापले वाक्य उलटे करून परक्या भाषेत घालत होत्या आणि दुसरीने ते पुन्हा सुलटे करून वाचायचे, असे चालले होते. आणि त्यांच्या स्वतःच्या भाषा सबंध वेळ एकाच वळणाने चालत होत्या. मला त्या संध्याकाळी त्या मुलीची फार आठवण आली, जिला मी कधी पाहिलेही नाही. इंग्रजीत न मावलेले तिने समासात लिहिले होते, ते वाचले जाणार नाही हे बहुधा ठाऊक असूनही.

मी आईला सगळ्या ओळी एकापाठोपाठ वाचून दाखवल्या, आधी जपानीत आणि मग मराठीत. ती मधे काही बोलली नाही. 1979 च्या पत्रावर मी अडले. ‘कोतोशी वा उमे गा ओसोइ देसु’, म्हणजे यंदा उमे उशिरा आहे. उमे हे थंडी सरता सरता फुलणारे झाड. इंग्रजीत त्याला प्लम म्हणतात, पण ते जर्दाळूला अधिक जवळचे. मी आईला हे समजावत होते आणि मराठीत कोणता शब्द घालावा याचा विचार करत होते.

‘शब्द कशाला शोधतेस? उमेच राहू दे,’ आई म्हणाली. ‘ऐकायला छान वाटतं. उमा नावाच्या कुणाला तरी हाक मारावी ना, तसं.’ मग तिने पत्र माझ्या हातातून घेतले, उभे धरले आणि ते दोन उच्चार कुठे लिहिले आहेत, ते बोटाने दाखवायला सांगितले.